वसू केळं कधी खाते?

फैजपूर, रविवार, १५ जानेवारी १९८९

माझ्या कादंबरीचं हस्तलिखित दोन महिने इथल्या वाचकांत फिरलं. आज वाचनालयात त्यांची मतं ऐकली. मंगळवारी ते छापायला जायचं होतं. अणुयुद्धानंतर उरलेल्या पाच मुलांची गोष्ट. तीन दिवसांच्या उपासानंतर वसूला जळक्या बागेत एक पिकलेलं केळं सापडतं आणि ती माणुसकीवर बोलते. दोन पानं. माझी सर्वांत लाडकी.

नववीतली रेखा उठली. "नाना, गोष्ट आवडली. पण वसू ते केळं खाते कधी? हातात धरून नुसतं भाषणच करते."

सगळे हसले. केळीबागवाल्या सुमनअक्का तर ओरडल्याच, "तिले आधी खाऊ द्या ना, नाना! पोरगी भुकेली हाये!"

मी उसळलो. विचाराशिवाय जगणं म्हणजे काय, वगैरे. दहा मिनिटं तरी बोललो असेन. थांबलो तेव्हा रेखा तशीच उभी. "पण खाते कधी?"

मला ठाऊकच नव्हतं. मी ते लिहिलंच नव्हतं!

इतकी वर्षं सभा गाजवल्या, टाळ्या घेतल्या. माझं बोलणं संपेपर्यंत थांबून पुन्हा तोच प्रश्न विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. फार उपकार झाले पोरीचे.

छापखान्याला थांबायचा निरोप धाडला. दोन्ही पानं तिच्यासमोर खोडली. जिवावर आलं, खोटं कशाला लिहू? मग सगळं हस्तलिखित तिच्याकडे दिलं, वर एक पेन्सिल. म्हटलं, "आणखी कुठे पोरं अशी बोलत सुटली असतील, तिथे खूण कर."

तिने पानं चाळली. "नाना, एका पेन्सिलीत भागेल?"