दुपारच्या बसपर्यंत

आई, तू गेल्याला बारा वर्षं झाली. मी आता तुझ्याच शाळेत शिकवते.

सकाळी निघताना तू अर्धा कप चहा घ्यायचीस, तेवढाच. गोंडपिपरीहून सहाची बस, मग शाळा, मग दुपारची बस. घरी यायला दोन वाजायचे. तोवर पाण्याचा थेंब नाही. शाळेत बाईमाणसाला जायला जागा नव्हती. मागे उघडं शेत, पुढे रस्ता, आणि बाकीचे तिन्ही गुरुजी पुरुष. मी विचारायची, "पाणी काऊन नाई पीत वं?" तू म्हणायचीस, "मले तहानच नाई लागत." मला ते खरं वाटायचं. पोरांना मात्र तू फळ्यावर लिहून द्यायचीस, उन्हाळ्यात भरपूर पाणी प्यावे.

त्या एप्रिलमध्ये माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. सकाळी माझ्या हातून दूध उतू गेलं म्हणून तू मला बरंच बोललीस. दुपारी आलीस ती स्वयंपाकघरात पाटावर बसलीस. मी ताट वाढते. तू भाताला हात लावत नाहीस. डोळे खोल गेलेले, ओठ सुकून पांढरे, एवढ्या उन्हातून येऊनही अंगाला घाम नाही. मला मावशीच्या नावानं हाक मारतेस. मला वाटतं, सकाळचा राग आहे, मुद्दाम करतेस. मी ताट उचलते आणि मागे भांडी घासायला जाते. तासभर मी भांडीच घासत होते.

शेजारच्या शिंप्याची बायको, आपली चाची, तुझं ब्लाउज द्यायला आली. तिनं तुझी जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती बसलीही नाही. "बाई, पेशाब को कब गई थी? सुबह से नहीं?" तू नुसती मान हलवलीस. चाची माझ्याकडे वळली. "पोरी, तुले दिसून नाई राह्यलं का? हिच्या आंगात पाणीच नाई." लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून ती तुला चमच्याचमच्यानं पाजत राहिली आणि तिनं मला रिक्षा आणायला पिटाळलं. "दवाखान्यात न्याच लागते. बोलणं भरकटून राह्यलं तिचं."

सलाईनच्या दोन बाटल्या लागल्या. संध्याकाळी तुला लघवी झाली, कोऱ्या चहासारखी. नर्सबाई म्हणाल्या, "तहान लागाची वाट नका पाहू बाई. लघवी गडद झाली का समजाचं, पाणी कमी पडून राह्यलं." तू हो म्हणालीस. पुढच्या सोमवारी पुन्हा अर्धा कप चहा आणि सहाची बस.

मग मूतखडे, मग वरचेवर ताप, चंद्रपूरच्या फेऱ्या. सहा वर्षांनी डॉक्टरांनी किडन्या गेल्याचं सांगितलं. पाण्यापायीच गेल्या का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तू गेलीस त्या दिवशी मी रडले नाही. आलेल्यांना चहा केला, कप विसळले.

मागच्या महिन्यात शाळेत बायकामुलींसाठी संडास बांधून झाला. मोठ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत मी आत गेले, कडी लावली. ओल्या सिमेंटचा वास येत होता. इथं तरी तुझ्यासाठी रडू येईल, असं मला वाटलं होतं. थोडा वेळ थांबले. नाही आलं. बाहेर मुली खोळंबल्या होत्या, म्हणून नळ सोडला, बंद केला आणि निघाले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.