स-१७ची मुळं

५ जानेवारी
कुंडल. अण्णांच्या केळीच्या बागेतल्या चाचणीतली मुळं आज उपटून धुतली. पाणी गारठलेलं, बोटं बधिर. गावठी केळीचं मूळ उभं चिरलं की आत तांबडे-काळे पट्टे. सूत्रकृमींनी पोखरलेलं. (यापुढे नुसतं 'सू.'. सारखं लिहायचा कंटाळा येतो.) आमच्या नव्या संकरांचंही तेच. एकामागून एक नापास. मग त्यातलीच स-१७. चिरलं, पांढरं. दुसरं मूळ, पांढरं! मी ओरडलेच. रोपांची देखभाल करणाऱ्या हौसाक्कांनी चिखलाच्या हातांनी माझे गाल कुस्करले.
रानकेळीचा पराग घेऊन केलेली पोर ही. केळीत बी धरता धरता आमच्या संशोधन केंद्रातल्या माणसांचे केस पांढरे झाले. आज लय भारी वाटतंय. बस्स.

६ जानेवारी
अण्णांना सांगितलं. त्यांच्या केळी घड भरला की आडव्या होतात. "मुळंच न्हाईत तर धरणार काय, मॅडम?" यंदा बाग मोडून ऊस लावायचा त्यांचा बेत. म्हणाले, "ही सतरा खरी आसंल तर केळ ठिवतो. पर खरी आसंल तरच. माझ्या बापापास्नं या रानात केळ हाय." बोलताना पानावरून हात फिरवत होते. बाग मोडली तर आमची जागाही गेली.

९ जानेवारी
डबा खाताना अक्का सहज म्हणाल्या, "गुण यायचाच की! खंडेनवमीला खुरपी-कुदळीची पूजा सतराच्याच वाफ्यात केली. माळा तितंच सोडल्या. मग काय झेंडू उगावला गं बया, कमरंएवढा! देवाचं फूल, उपटायचं कुणी? वाळल्यावर तितंच गाडला."
डबा खाली ठेवला. तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये. उंब्रजला हायवेवर स्कूटीवरून पडले आणि दिवाळी, डिसेंबर सगळं औंधला घरी खाटेवर. फोनवर अक्का म्हणायच्या, रोपं झ्याक हायत.
झेंडूची मुळंच सू. मारतात. गावोगाव आम्हीच सांगत फिरतो, केळीत झेंडू लावा म्हणून. मग मुळं पांढरी राहिली ती सतराच्या गुणानं की झेंडूच्या? आता कोण सांगणार? चाचणी बाद.
अक्कांवर खेकसले. "सगळं मातीत घातलंत!" त्यांनी डबा झाकला नि गेल्या.

१० जानेवारी
झोप नीट नाही. सकाळी आधी अक्कांच्या दारात. म्हटलं, चुकलं माझं, असं बोलायला नको होतं. त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सगळ्यांचा जीव तिच्यावर. म्हून तिलाच माळ घातली. मला काय म्हाईत, फूल आसलं कायबाय करतंय ते." मग चहा टाकला. साखर जास्तच.

१८ जानेवारी
औंध, घरी. आबा मेंढरं घेऊन माळावर, मी मागनं लंगडत. सगळं सांगितलं. आबा म्हणे, "मेंढा बदलला की कोकरू बदलतंय. यवढ्यासाठी पंधरा वर्सं शाळा?" म्हटलं, व्हय, आणि कोकरू बदललं ते मेंढ्यामुळं का चाऱ्यामुळं, हे शोधायलाच शाळा. आबा हसले. "मंग चारा बंद करून बघ की." अहो, तेच करायचंय मला! पण अण्णा थांबतील का?

२ फेब्रुवारी
अण्णांना खरं सांगून टाकलं. वाटलं, हाकलतील. आधी पोट धरून हसले. "अक्कीनं देवालाच कामाला लावलं व्हय!" मग म्हणाले, "किती दीस?" म्हटलं, झेंडूशिवाय पुन्हा चाचणी घ्यायला उन्हाळा जाईल. "बरं. आत्ता न्हाई लावत. पावसाळ्यातला आडसाली ऊस लावीन. जूनपतोर थांबतो. त्याम्होरं न्हाई, मॅडम." जून!

१२ फेब्रुवारी
गुऱ्हाळाच्या चुलाणावर काहिलीत माती उकडली, म्हणजे आधीचं काही त्यात जिवंत राहायला नको. गाव बघायला. एक म्हातारे म्हणाले, "आवं, मीठ टाकलं का?" कुंड्या भरून शेडमध्ये मांडल्या. स-१७ एकटी. गावठी एकटी. गावठी झेंडूसकट, तीही बघू. मुळं धरली की सगळ्यांना सू. घातलेलं पाणी सारखंच.

१९ मार्च
पाडवा. अक्का गुढीची माळ घरीच ठेवून आल्या. शेडच्या दारात पदर झटकला, हात धुतले, मला म्हणाल्या, "तुझ्या केसातलं फूल काढ आदी." अबोली होती. तरी काढायला लावली.

३० एप्रिल
ऊन मी म्हणतंय. स-१७ला नवं पान. गावठी पिवळी पडलीय. पानांवरून काही ठरत नाही हे मला माहीत आहे. तरी रोज बघते. मन धावतंच.

२८ मे
कुंड्या उघडल्या. गावठी: आत काळी. झेंडूवाली गावठी: पट्टे बरेच कमी. (अण्णांनी ऊस लावला तरी हे त्यांना सांगायला हवं.) मग स-१७ची पहिली कुंडी. सुरी अक्कांना दिली. पांढरं. दुसरं, पांढरं. तिसऱ्यात एक ठिपका. तांबूस, मोहरीएवढा.
"लागली व्हय गं?"
"माहीत नाही, अक्का." खरंच माहीत नाही. थोडं सोसणारी असेल, तरी चालेल. ठिपका वाढत जाणारा असेल तर…
तेवढ्यात अण्णांचा फोन. "मॅडम, उसाच्या बेण्याचा ट्रॅक्टर सांगू का?"
सांगा म्हणायला पाहिजे होतं का? म्हटलं, "थांबा अण्णा. अजून कुंड्या आहेत."
पलीकडनं मग, "बरं. मी येतो तिकडंच. मी आल्याबिगर चिरू नगा."
अक्कांनी दुसरी कुंडी उलटी केली आणि मुळं बादलीत धुवायला घेतली.