कोऱ्या ताऱ्याभोवतीची धूळ

प्रिय दादा,

आधी हे सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील: माझी नोकरी शाबूत आहे, मी पोटभर जेवते आहे आणि काल किती दिवसांनी गाढ झोपले. तुला सोपं जावं म्हणून अक्षरं मोठी काढली आहेत. घाई नको, दोन दिवसांत वाचलंस तरी चालेल.

मागच्या फोनवर मी नुसतीच हं हं करत होते. तू विचारलंस, "मोजपट्टी, काय बिनसलंय?" मी सर्दीवर ढकललं. खरं ते असं. तरुण ताऱ्यांभोवती धुळीची तबकडी असते, तिच्यातूनच पुढे ग्रह घडतात, हे तुला मी मागे सांगितलंच आहे. पण ताऱ्याच्या झगमगाटापुढे ती धूळ दिसत नाही. म्हणून दुर्बिणीत ताऱ्यावर झाकण धरायचं. तरी कडेने उजेड सांडतोच. मग तसाच दुसरा तारा शोधायचा, ज्याच्याभोवती काहीच नाही, आणि त्याचा फोटो पहिल्यातून वजा करायचा. उरेल ती धूळ. त्या दुसऱ्याला आम्ही कोरा तारा म्हणतो. तो निवडायचं काम माझ्याकडे होतं.

वजाबाकीनंतर धुळीत एक काळी फट दिसली, बांगडीसारखी गोल. घडणारा ग्रह आपल्या वाटेवरची धूळ खाऊन टाकतो, तशी. सगळे खूश. लेख सोमवारी पाठवायचं ठरलं. पण मी कशी आहे तुला माहीत आहे, कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी. शुक्रवारी सगळे चहाला गेल्यावर मी कोऱ्या ताऱ्याचाच फोटो उघडला आणि त्यातून तिसऱ्या एका ताऱ्याचा वजा केला. त्याच्याभोवती धुळीचं पुसट कडं होतं, बरोबर त्या फटीएवढं. तो कोरा नव्हताच! त्याची धूळ वजा झाली म्हणून पहिल्या ताऱ्याच्या धुळीत फट पडली होती. ग्रह वगैरे काही नाही.

मी जिन्यात जाऊन बसले. गप्प राहिले असते तर निदान वर्षभर कुणाला कळलं नसतं. शेवटी उठले आणि आमच्या प्रमुख बाईंना एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी ती वजाबाकी स्वतः पुन्हा करून पाहिली. मग म्हणाल्या, "अगं, ग्रह गेला तर गेला. पण हे कडं आजवर कुणी पाहिलेलं नाही. रडतेस काय? बस इथे, नीट मोज." दादा, अंगावर पडलेली दाराची अख्खी चौकट कुणीतरी उचलून घ्यावी, तसं वाटलं. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, तो कोरा आहे असं तू का धरलंस? मी म्हटलं, ताऱ्यांच्या यादीत तसं लिहिलं होतं, म्हणून. मी निरखून पाहिलंच नव्हतं.

हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून हे पत्र. नोकरी लागली तेव्हा संस्थेच्या मासिकात माझी मुलाखत आली होती. त्यात मी म्हटलं होतं, "शाळेत गेलेली घरातली मी पहिली. घरी यातलं कुणाला काही कळत नाही." तू ते पान एकेक अक्षर लावत वाचलंस, सुतारकामाच्या दुकानात करवतीच्या वर चिकटवलंस आणि त्या वाक्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाहीस. पॉलिश चढवण्याआधी तू दिव्यासमोर तळवा धरायचास आणि मला सांगायचास, "उजेडाकडे नको, हाताच्या कडेला बघ. धूळ अजून तरंगतेय, बसू दे तिला." तेव्हा मी सात वर्षांची होते. ताऱ्यावर झाकण का धरायचं, हे वर्गात सगळ्यांआधी मला कळलं ते तुझ्यामुळे, आणि तुलाच मी कोरा धरून वजा केलं. सोबत नव्या कड्याचा फोटो आहे. तो बरोबर त्या वाक्यावर चिकटव. आणि कापताना मोजून काप, कडा सरळ आल्या पाहिजेत.

तुझीच,
मोजपट्टी