डोक्याची गोळी, पोटासाठी

विनोदभाऊ,

जयभीम लिहीत नाही तुले.

मालेगावच्या स्टँडवर बसून लिहून राह्यलो. इथली जिलबी मस्त दिसते, पण ते जाऊ दे. माह्या मुरड्यासाठी डॉक्टरनं बारकी गोळी देली. म्हणे, "डोक्याच्या आजारावरची आहे, पण कमी घेतली की आतडं शांत होते."

तुह्या मेडिकलातून ती घेतली हेच चुकलं. तू जाऊन सुकेशनीच्या बापाले सांगितलं, "पोरगं येडं हाय, गोळ्या चालू हायेत." तिच्यासंगं ठरलेली माही सोयरीक मोडली.

मले हगवण पोटाची होती, तुले तोंडाची हाय. माही गोळीनं थांबली. तुही थांबत नाही, म्हणून हे पत्र टाकत नाही. हेही गावभर वाचून दाखवशीन.

पोटानं बरा, डोक्यानं पहिल्यापासून बरा,
तुहा चुलतभाऊ नवीन