आईच्या मुठीचा आकडा

प्रिय ठकू,

आधी शेवट सांगून टाकतो, म्हणजे जीव मुठीत धरून वाचायला नको. तुझी आई ठणठणीत आहे. आत्ता ती खिडकीशी बसून एका जाडजूड शब्दकोशाच्या पानांचे फर्मे शिवते आहे, आणि मी पुठ्ठा वाकडा कापल्याचं तिने मान वर न करताच ओळखलं आहे. एवढं कळलं ना, आता निवांत वाच.

पाच आठवड्यांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं. गर्भाशयाचं. तुला कळवलं नाही, कारण तिने मला शपथ घातली होती. "तिची नोकरी नवी आहे. सगळं टाकून धावत येईल, आणि मग मी पडल्या पडल्या तिचीच काळजी करत बसेन," असं म्हणाली. तुला राग येणार हे ठाऊक आहे. तो माझ्यावर काढ.

गोष्ट तशी चार-पाच वर्षांची आहे. आईची पाळी (हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा कागदावर लिहितोय, अक्षर डळमळलं असेल तर सांभाळून घे) जायच्या वयात जायचं सोडून अंगावरच यायला लागली. आठ-आठ, दहा-दहा दिवस. ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. मला दिसत काहीच नव्हतं असं मात्र नाही. आपला तो पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस आठवतो ना? त्याचं चाक आई एका हाताने गरगर फिरवायची, दुसऱ्या हातात चहाचा कप. मग ती दोन हात लावायला लागली. मग अंगाचा भार टाकायला लागली. मग एक दिवस म्हणाली, "अहो, जरा इकडे बघता का?" मी चाक फिरवलं आणि वर टोमणा मारला, "काय, म्हातारी झालीस की!" ती हसली. मीही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

आणखी एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली. आईला बर्फ खायचा नाद लागला होता. भर थंडीत कडाकडा बर्फ चावायची. मी कौतुकाने फ्रीजमध्ये ठेवायला बर्फाचा दुसरा ट्रे आणून दिला.

शेवटी एकदा बाइंडिंगच्या खोलीतच ती पुठ्ठ्यांच्या थप्पीवर मटकन बसली आणि तिला उठता येईना. तपासण्या झाल्या. गर्भाशयात गाठी निघाल्या, साध्याच, पण रक्त त्यांच्यापायीच जात होतं. ऑपरेशनची तारीख ठरली. मी सगळ्या प्रकाशकांना कळवून दुकान बंद ठेवायची तयारी केली. आणि आठवडाभर आधी आई भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. बायकांच्या गोष्टी, आपण कशाला आत, असा हिशेब. दहा मिनिटांनी त्या स्वतःच दारात आल्या. बारीक चणीची मुलगी, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. "काका, बाहेर काय करताय? आत या. हे तुम्हीही ऐकायचं आहे."

आत टेबलावर पकडीसारखं एक यंत्र होतं, मुठीची ताकद मोजायचं. आईला ते जीव खाऊन दाबायला सांगितलं. काटा तेरा किलोवर थांबला. आई म्हणाली, "यंत्र बिघडलंय." डॉक्टरीणबाईंनी गुपचूप ते माझ्या हातात दिलं. मी दाबलं, सदतीस. यंत्र शाबूत होतं. आईचा चेहरा असा पडला, ठकू, की मला ते यंत्र खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं.

मग त्यांनी रक्ताचा कागद पुढे केला. हिमोग्लोबिन साडेसात. शरीरातलं लोह तळाला गेलेलं. त्या म्हणाल्या, "रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हमालच कमी पडलेत. आणि स्नायूंना स्वतःच्या कामालाही लोह लागतं. तुम्ही इतकी वर्षं रिकाम्या टाकीवर गाडी चालवलीत." आई म्हणाली, "जन्मभर लोखंडी प्रेसशी झटापट केली, आणि माझ्यातच लोखंड नाही म्हणता?" त्या खळखळून हसल्या, मग एकदम विचारलं, "बर्फ खावासा वाटतो का?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. लोह कमी झालं की काहींना असं होतं म्हणे. आणि मी ट्रे आणून देत होतो!

त्यांनी ऑपरेशन सहा आठवडे पुढे ढकललं. मी भडकलो. तारीख काय रोज मिळते का, सगळी जुळवाजुळव झाली आहे, वगैरे बरंच बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "घाईचं असतं तर मीच आज आत नेलं असतं. हे थांबू शकतं. मग अशक्त बाई टेबलावर का घ्यायची? ऑपरेशनमध्ये रक्त जातं, नंतर उठून चालायचं असतं. त्याला अंगात काहीतरी हवं ना? ताकद किती येईल याचं वचन देत नाही, पण प्रयत्न करू." बरोबर बोलणाऱ्या माणसापुढे ओरडणं फार वेळ जमत नाही.

रक्तस्राव थांबवायचं औषध सुरू झालं. लोहाच्या गोळ्या आईला आधीही दिल्या होत्या, पण त्यांनी पोट बिघडतं म्हणून तिने त्या सुयादोऱ्याच्या डब्यात लपवल्या होत्या, हे त्या दिवशी उघडकीला आलं. म्हणून मग लोह सलाईनमधून, शिरेतून, दोन वेळा दिलं. आणि व्यायाम. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, साध्या खुर्चीवर बसायचं, हात छातीशी बांधायचे आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठता येईल तितक्या वेळा उठायचं. पहिल्या दिवशी सहा. बाइंडिंगच्या खोलीत मधोमध खुर्ची, आई उठते-बसते आणि मी घड्याळ धरून मोजतो. एकदा तिला हुरूप यावा म्हणून सातनंतर एकदम नऊ म्हणालो. धापा टाकत म्हणाली, "आठ कुठे गेला? परत मोजा."

तिसऱ्या आठवड्यात ती एका दुपारी खुर्चीत बसून राहिली. मी विचारलं, दमलीस का? तिने नाही म्हणून मान हलवली आणि म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटत होतं, मी आळशी झालेय." एवढंच. ठकू, चौतीस वर्षं या बाईने माझ्या खांद्याला खांदा लावून काम केलं, तुला वाढवलं, माझ्या आईचं दुखणं काढलं, आणि ती मनातल्या मनात स्वतःला आळशी म्हणत होती. आणि मी म्हातारी म्हणत होतो. मी घड्याळ घेतलं आणि तिच्यासमोर दुसरी खुर्ची मांडून तिच्याबरोबर उठाबशा सुरू केल्या. नवव्याला माझे गुडघे बोलले, ती तेरापर्यंत गेली.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन सव्वाअकरा. मूठ एकोणीस किलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून वाव आहे, पण आता चला. आईने यंत्र खाली ठेवायच्या आधी पुन्हा एकदा दाबून पाहिलं, खात्री करायला.

ऑपरेशन झालं. बाहेरचं रक्त चढवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स तिला उठवायला आली, तर आईने हात वर केला. "थांबा. मी उठते." कॉटच्या कडेला बसली, पाय जमिनीला टेकवले, दात आवळले आणि उभी राहिली. मग त्या लांब कॉरिडॉरमधून सावकाश, भिंतीला हात न लावता, टोकाच्या खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. मी सलाईनचा स्टँड ढकलत मागून चाललो होतो. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगावंसं वाटत होतं, ही माझी बायको आहे बरं का. तू वर्गात पहिली आलीस तेव्हाही माझी छाती इतकी फुगली नव्हती. रागावू नकोस, खरं ते सांगतोय.

आता हे पत्र का, ते. आई परवा म्हणाली, "ठकूला मी सांगितलं तर म्हणेल, आईची सवयच आहे काळजी करायची. तुम्ही लिहा. बापाने लिहिलं तर ती वाचेल." म्हणून लिहितोय. गेल्या वेळी तू आलीस तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पोचून पायरीवर बसलीस आणि बुटाची नाडी बांधायला लागलीस. नाडी सुटलेली नव्हती. मी वरून पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू धुतलेली चादर गच्चीवर अगदी मागच्या दोरीवर वाळत घातली होतीस. तशी ती शाळेत असल्यापासून दर महिन्याला घालतेस. तेही मी पाहत आलोय आणि दर वेळी नजर दुसरीकडे वळवत आलोय. माझ्या घरातल्या दोन बायका माझ्यासमोर दमत राहिल्या आणि मी पुस्तकं शिवत राहिलो. एकीच्या बाबतीत उशीर झाला. तुझ्या बाबतीत मला तो करायचा नाही. या आठवड्यात रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), दोन्ही. डॉक्टर जर "बायकांचं असंच असतं" म्हणाले, तर दुसरा डॉक्टर गाठ. आणि आकडे आले की फोन कर, आईला नको, मला कर. किती दिवस, किती जातं, सगळं सांग. ऐकायची माझी तयारी झाली आहे.

तुझाच,
उशिरा शहाणा झालेला बाबा