चाकं विकलेलं घर

पिओरिया, ४ मार्च

चि. व्हर्लीन हिस आर्डिथताईचे अ. उ. आ.

नाताळच्या कार्डानंतर तुझी एक ओळ नाही. आहेस ना गं?

काल बँकेचा माणूस येऊन गेला. म्हणाला, घराची किंमत दहा वर्षांत दुप्पट झाली. म्हटलं, म्हणजे मी श्रीमंत! तर म्हणतो कसा, कागदावर, बाई. बाबा म्हणायचे ना, माणसाची ऐपत त्याच्या घरावरून मोजावी. तुझ्या त्या पत्र्याच्या डब्यासारख्या फिरत्या घराचं आज काय येईल? तुझा ऑर्व्हिल हयात असताना हे विचारलं की तू फुरंगटायचीस, म्हणून इतकी वर्षं विचारलं नाही.

माया आहेच, ती पत्रातूनही कळू दे.
तुझी आर्डिथताई

सलाइना, १५ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

आहे, अजून आहे. आमची वसाहत विकली गेली. घर माझं आणि खालची जमीन त्यांची, हे तुला ठाऊकच. नव्या कंपनीने मेपासून जागेचं भाडं जवळजवळ दुप्पट केलंय. भरा नाहीतर घर उचला, असा कागद दारावर चिकटवलाय. ऑर्व्हिलच्या पेन्शनीत ते बसत नाही.

बँकेत गेले होते, तुमच्या पक्क्या घरांवर मिळतं तसं माझ्याही घरावर कर्ज मिळेल म्हणून. तिथल्या बाईने माझा मालकीचा कागद उलटापालटा केला आणि म्हणाली, हा तर गाडीचा कागद आहे. खरंच की, आमचं घर चाकांवरून आलेलं, म्हणून मोटार खात्यातच नोंदलेलं. तुझं घर म्हातारं होऊन महाग झालं, माझं नुसतंच म्हातारं झालं.

शेजारची दोन्ही घरं रिकामी झाली. संध्याकाळी सगळ्या गल्लीत माझा एकटीचा दिवा असतो. फार एकटं वाटतं, ताई.

आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.
तुझी व्हर्ली

पिओरिया, २२ मार्च

चि. व्हर्लीस अ. उ. आ.

वेडाबाई, रडतेस कशाला? गाडी आहे म्हणतात ना, मग घाल चाकांवर आणि आण इकडे. माझं मागचं अंगण ओसच पडलंय. नगरपालिका नाही म्हणाली तर तिच्याशी मी भांडेन. वर्षातून एकदा भेटतो आपण. आता खिडकीतून एकमेकींना टोमणे मारू.

वाट बघणारी,
आर्डिथताई

सलाइना, ६ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले. चाकं आहेत कुठे? तिसऱ्याच वर्षी ऑर्व्हिलने ती आसासकट विकली. इथली रीतच आहे तशी. माणूस रुळला की चाकं काढून टाकतो. त्या दिवशी सगळ्या गल्लीला राजम्याची झणझणीत चिली आणि दालचिनीचे रोल खाऊ घातले. मग त्याने दारात सिमेंटची पायरी ओतली आणि म्हणाला, "व्हर्ली, आता आपण कुठे जायचं नाही." तू हसशील म्हणून तुला कधी कळवलं नाही.

घरं हलवणारा माणूस येऊन खाली वाकून बघून गेला. सांगाडा गंजलाय. नवी चाकं लावली तरी वाटेत दोन तुकडे होतील, म्हणाला. आणि इथेच पाडायचं तर तो खर्चही माझ्याच डोक्यावर.

रागावू नकोस.
तुझी व्हर्ली

पिओरिया, १२ एप्रिल

व्हर्ली,

आशीर्वाद वगैरे राहू दे. घर राहू दे तिथेच, तू ये. खरं सांगू? थंडीत सगळं घर गरम ठेवणं परवडत नाही म्हणून चारातल्या तीन खोल्या मी बंद ठेवल्यात आणि स्वयंपाकघरात खाट टाकून झोपते. ही बघ तुझी श्रीमंत ताई. भिंत विकल्याशिवाय भिंतीतले पैसे निघत नाहीत, आणि विकून मी जाऊ कुठे?

ये गं.
आर्डिथताई

सलाइना, २७ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

आज घर दिलं. पाडायचा खर्च कंपनी करणार, म्हणून त्यांच्याच नावावर केलं. मोटार खात्याच्या कागदावर किंमत लिहावीच लागते. त्यांनी एक डॉलर लिहिला आणि खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला. मी सवयीने दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, मग किल्ली देऊन टाकली. पायरीवर जरा बसले. ऑर्व्हिलला म्हटलं, मी जाते रे.

माझ्या घराचं काय येईल, विचारलं होतंस ना? ते याच पाकिटात घातलंय. खर्चू नकोस, फ्रीजवर लाव.

शुक्रवारच्या बसने पोचते, तोवर अंधार पडलेला असेल. एक दिवस वीज जळली तर जळू दे, पण चारही खोल्यांतले दिवे लावून ठेव.

तुझी,
व्हर्ली