घरामागं तीन माणसं

११ एप्रिल २०१६

आजपासून आम्ही उस्मानपुऱ्याचे. दौलताबादहून चौघं एका टेम्पोत आलो: अण्णा, मी, धाकटा ऋतुराज आन आई. मला टँकर वाटपाच्या अ‍ॅपवर नोकरी लागली. तिथल्या साहेबराव सरांनी सेटिंगचं पान दाखवलं. चालू अ‍ॅपमध्येच आकडा बदलायचा, त्याच घडीला शहरभर लागू. सध्या ‘घरामागं माणसं: सहा’. त्याहून जास्त झाली की अ‍ॅप घराच्या यादीतली खालची नावं काढतं. आकडा वाढवला तरी नाव परत येत नाय, ते हातानं टाकावं लागतं, असं सर दोनदा म्हणाले.

आमचंही घर नोंदवलं. आईनं आपलं नाव शेवटी घालायला लावलं. जेवायलाही ती शेवटीच बसते. अण्णांनी तिला जन्मात नावानं हाक मारली नाय, “अगं ऐक” एवढंच. मी चिडवलं तर लाजली.

१९ एप्रिल

टँकर कमी झाले. वरून सांगणं आलं, आकडा चार करा. केला. लई सोपं.

शेजारच्या सरूबाईंचं घर सहा जणांचं. संध्याकाळी चारच ताटं दिसली. सासूसासरे कुठं गेले विचारलं तर म्हणाल्या, कोणते सासूसासरे? थट्टा करत असतील.

२६ एप्रिल

आता तीन. आमच्या घरात चौघं, मी म्हटलं. सर म्हणाले, पाणीच नाय तर काय करणार. वाटलं, आपल्याला एक घागर कमी येईल, चालंल. दाबलं.

घरी अण्णा भात लावत होते. आई कुठंय विचारलं. म्हणाले, आपण पहिल्यापासून तिघंच. तिची चप्पल नाय. रेशनकार्डावर तीन नावं. माझ्याच हातानं केलं मी हे.

२७ एप्रिल

कुणाला न विचारता आकडा सहा केला. आईला परत टाकायला गेले तर चौकट आली, पूर्ण नाव लिहा. लिहायला गेले आन — आठवंना.

२८ एप्रिल

सकाळी अण्णांनी ओट्याकडं बघून “अगं ऐक” म्हटलं. मग कुणाला हाक मारली मी, असं मलाच विचारलं. डोळे भरले होते त्यांचे. कशानं ते त्यांना कळंना.

२९ एप्रिल

तिचा आवाज पण जातोय —

आख्खी वही चाळली. सगळीकडं आई. नुसतं आई. एकदा तरी लिहायचं होतं गं मी. चौकटीत ‘आई’ टाकलं. घेत नाय. पूर्ण नाव लिहा.

आईचं नाव —